सेकंड क्लॅरिनेट वाजवणाऱ्यांनी फर्स्टला जावे का?

काळीपाच (धागाकर्ती), ४ जानेवारी, रात्री १०.२०

नमस्कार. मी सोलापुरात बी.एस्सी.च्या दुसऱ्या वर्षाला आहे आणि अकरावीपासून, म्हणजे हे चौथे वर्ष, महाविद्यालयाच्या बँड पथकात क्लॅरिनेट वाजवते. आमच्या पथकात अठ्ठावीस जण आहेत. त्यांत पाच क्लॅरिनेट असून तिघे फर्स्ट आणि दोघी सेकंड वाजवतो. ज्यांना बँडची माहिती नाही त्यांच्यासाठी सांगते, की फर्स्टकडे चाल असते, म्हणजे लोक जे गुणगुणत घरी जातात ते. सेकंड त्या चालीच्या खाली, बहुधा दोन-तीन स्वर सोडून, दुसरीच ओळ वाजवते. ती एकटी ऐकली तर अर्धवट वाटते आणि सगळ्यांबरोबर वाजली तर कोणाच्या लक्षात येत नाही.

प्रश्न असा आहे, की आमच्या फर्स्टमधली एक ताई नोकरी लागल्याने डिसेंबरात गेली आणि सरांनी तिची जागा मला देऊ केली आहे. २६ जानेवारीच्या आधी उत्तर द्यायचे आहे. मैत्रिणींच्या मते यात विचार करण्यासारखे काहीच नाही. मला मात्र सेकंड सोडावीशी वाटत नाही, आणि ही भीती आहे की आवड, हे माझे मलाच नीट समजत नाही, म्हणून इथे लिहिते आहे.

थोडे रोजच्या दिवसाविषयी सांगते, कारण प्रश्न त्यातूनच आला आहे. आम्ही विडी घरकुल भागात राहतो. वडील यंत्रमागावर टॉवेल विणतात आणि अम्मा घरी विड्या वळते. शेजारचे काका रात्रपाळी करून येतात आणि आठच्या सुमारास झोपतात, त्यामुळे माझा रियाज सहा ते पावणेआठ एवढ्याच वेळात बसवावा लागतो. ज्या दिवशी नळाला पाणी येते त्या दिवशी तोही होत नाही, कारण चार-पाच दिवसांनी एकदा येणारे पाणी भरून ठेवणे हे घरातले पहिले काम असते. सुरुवातीला आवाज कमी व्हावा म्हणून मी वाद्याच्या तोंडाशी फडके कोंबून पाहिले होते. त्याने काहीच फरक पडत नाही, कारण क्लॅरिनेटचा आवाज बहुतेक वेळा बोटांखालच्या भोकांतून बाहेर येतो आणि टोकाच्या कर्ण्यातून खऱ्या अर्थाने फक्त सगळ्यांत खालचा स्वर निघतो. शेवटी भिंतीला लावलेल्या गाद्यांच्या वळकटीकडे तोंड करून वाजवायला लागले. वीस मिनिटे नुसते लांब स्वर, एका श्वासात एक, मग सेकंडची ओळ.

यात अम्माचा मोठा हात आहे. क्लॅरिनेटच्या माउथपीसवर बोरूसारख्या जाड गवताची एक पातळ पट्टी, म्हणजे रीड, बांधलेली असते आणि ती थरथरली तरच आवाज येतो. सोलापूरच्या कोरड्या उन्हाळ्यात रीडचे टोक सुकून झालरीसारखे लाटालाटांचे होते आणि मग कितीही फुंकले तरी नुसती हवा निघते. दहाच्या डब्यातल्या चार-पाच रीडच खऱ्या कामाच्या निघतात, त्यामुळे एक वाया जाणेही परवडत नाही. पहिल्या उन्हाळ्यात मी अशा तीन रीड गमावून रडत बसले होते. अम्माने एक रीड हातात घेतली, नखाने तिचे टोक चाचपले आणि म्हणाली, "हे पान आहे. सुकलं की फाटणारच." ती तेंदूची पाने रात्री भिजवते आणि सकाळी ओल्या गोणपाटात गुंडाळून ठेवते, म्हणजे कापताना आणि वळताना ती चिरत नाहीत. तिने जुन्या आरशाची एक काच कापून आणली, त्यावर माझ्या चार रीड सपाट ठेवल्या, वरून दमट रुमालाची एकच घडी घातली आणि सगळे पत्र्याच्या डबीत बसवले. रुमाल किती दमट हवा, हे तिच्या बोटांना जसे कळते तसे मला अजून कळत नाही. तेव्हापासून टोके वाकडी झालेली नाहीत. रीडना मी एक ते चार असे क्रमांक दिले असून रोज एक या क्रमाने वापरते.

तीच अम्मा दर १५ ऑगस्टला आणि २६ जानेवारीला मैदानाच्या कडेला उभी राहते आणि घरी येताना एकच प्रश्न विचारते, "त्यात तुझं कुठलं होतं?" चार वर्षांत मला याचे उत्तर देता आलेले नाही. फर्स्टला गेले तर देता येईल.

जुनाट्रम्पेट, ५ जानेवारी, सकाळी ७.०५

बाळ, तुझा धागा दोनदा वाचला. मी एकतीस वर्षे लग्नाच्या बँडमध्ये ट्रम्पेट वाजवला, त्यामुळे जे सांगतो ते त्या अनुभवातून सांगतो, आणि ते तुला कदाचित आवडणार नाही. जागा मिळते आहे तर घे.

आमच्याकडे सेकंड हा प्रकारच नव्हता. वरातीत जो तो चाल वाजवायचा. क्लॅरिनेट, ट्रम्पेट, सॅक्सोफोन सगळे एकाच ओळीवर, आणि युफोनियमवाला (ते खालच्या स्वरांचे मोठे पितळी वाद्य) तेवढा खाली धरून असायचा. मास्तर वहीत सरगम लिहून द्यायचे, तीही फक्त चालीची. लग्नसराईत एका दिवसात दोन-दोन सुपाऱ्या असायच्या, आणि मे महिन्यातल्या दुपारी बेचाळीस अंशांत पितळी वाद्य हातात धरवत नसे, म्हणून आम्ही त्यावर ओले फडके गुंडाळायचो. तिथे मी एक गोष्ट शिकलो. चाल वाजवणाऱ्याला लपायला जागा नसते. एकदा विजापूर वेशीजवळ नवरदेव घोड्यावर असताना माझा ओठ फुटला, स्वर फाटला आणि रस्त्यावरची शंभर माणसे माझ्याकडे वळून पाहू लागली. त्या रात्री झोप लागली नाही. पण पुढच्या दहा वर्षांत जी तयारी केली ती त्या एका फाटलेल्या स्वरामुळे केली.

सेकंडमध्ये चूक झाली तर ती तुला आणि तुझ्या सरांनाच कळते. एवढ्या सावलीत फार वर्षे राहू नये, असे माझे मत आहे. अम्मांना माझा नमस्कार सांग. रीडची युक्ती आमच्या क्लॅरिनेटवाल्यांना तेव्हा कळली असती तर त्यांच्या कितीतरी पट्ट्या वाचल्या असत्या.

खर्ज, ५ जानेवारी, रात्री ९.३०

मी गाणे शिकते, वाद्यांतले मला फार कळत नाही. पण आमच्या रागसंगीतात चाल एकच असते आणि तिच्या मागे तंबोरा असतो. त्यामुळे एकाच वेळी दोन वेगळ्या ओळी चालल्या तर ऐकणाऱ्याचे लक्ष आपोआप वरच्या ओळीकडे जाते, खालची ओळ त्याला सहज वेगळी काढता येत नाही. तुमच्या आईंचा प्रश्न त्या अर्थाने आपल्या सगळ्यांच्या कानांचा प्रश्न आहे.

मला एक विचारायचे आहे. तंबोरा चांगला लागला, की खर्जाच्या तारेतून गांधार ऐकू येतो. तो कोणी छेडलेला नसतो. त्या तारेच्या आवाजातच तो दडलेला असतो आणि आम्ही त्याला स्वयंभू गांधार म्हणतो. माझ्या गुरुजींनी पहिले सहा महिने मला जवळजवळ तेवढेच ऐकायला लावले होते. तो गांधार पेटीच्या गांधारापेक्षा किंचित उतरलेला असतो, आणि एकदा कानात बसला की पेटीचा गांधार टोचायला लागतो. तुमच्या बँडमध्ये शेवटी सगळे मिळून जेव्हा एकच दीर्घ स्वरसमूह धरता, तेव्हा त्यातला गांधार कोण वाजवते, आणि कुठला वाजवते, पेटीचा की तंबोऱ्याचा?

काळीपाच, ६ जानेवारी, रात्री ११.१०

खर्जताई, तुमचा प्रश्न वाचून मी क्लॅरिनेट उघडली होती, पण रात्रीचे दहा वाजून गेले होते म्हणून परत बंद केली. गांधार मी वाजवते. आमच्या दोघींपैकी मी एकटी.

आमचे राज्यगीत काळी पाचमध्ये, म्हणजे पेटीवरची पाचवी काळी पट्टी सा धरून, बसवले आहे. क्लॅरिनेट आणि ट्रम्पेट ही दोन्ही मुळातच काळी पाचची, म्हणजे बी फ्लॅटची वाद्ये आहेत. त्यांच्यावर कागदावरचा सा वाजवला की पेटीवरची काळी पाच निघते. माझे इथले नावही त्यावरूनच घेतले. शेवटच्या स्वरसमूहात युफोनियम आणि ट्रॉम्बोनकडे सा असतो, ट्रम्पेट वरच्या सा वर जातात, फर्स्ट क्लॅरिनेट पंचमावर थांबतात आणि मधला गांधार माझ्याकडे येतो. डाव्या हाताचा अंगठा आणि पहिले बोट, एवढेच लागते. पहिल्या वर्षी मला वाटायचे की एवढ्या सोप्या स्वरासाठी मला कशाला बसवले आहे.

त्या वर्षी मी मोबाईलवरच्या ट्यूनरचा, म्हणजे स्वर चढा की उतरलेला ते दाखवणाऱ्या अ‍ॅपचा, काटा मध्यावर आणून तो स्वर अगदी बरोबर लावायचे. सर दर वेळी थांबवून म्हणायचे, "बरोबर आहे, पण बसला नाही." मला याचा राग यायचा. काटा मध्यावर आहे तर अजून काय हवे? मग एका संध्याकाळी त्यांनी युफोनियमला सा आणि फर्स्टला पंचम धरून ठेवायला सांगितला आणि मला डोळे मिटून ओठ अगदी हळूहळू सैल करायला लावले. स्वर उतरत गेला. आधी आवाजात एक थरथर होती, वँव-वँव-वँव अशी लाट, ती मंद होत गेली आणि एका जागी थांबली. त्या क्षणी खोलीचा आकार बदलल्यासारखे वाटले. कोणीही जोर वाढवला नव्हता, तरी आवाज मोठा झाला होता. डोळे उघडून काटा पाहिला तर तो डावीकडे झुकला होता. अर्ध्या स्वराचे शंभर भाग केले तर त्यातले साधारण चौदा भाग खाली. म्हणजे तुमचा तंबोऱ्याचाच गांधार, ताई. ही गोष्ट मला आज तुमच्यामुळे कळली. सर त्याला "बसणे" एवढेच म्हणतात.

दोन स्वर जवळजवळ सारखे असले तर त्यांच्यातल्या फरकाइतक्या लाटा दर सेकंदाला ऐकू येतात. एकाची कंपने ४४० आणि दुसऱ्याची ४४२ असली तर सेकंदाला दोन. ही लाट शोधणे हेच माझे बँडमधले खरे काम आहे, आणि त्यासाठी फुंकण्यापेक्षा ऐकायला जास्त लागते. वडील सांगतात, की मागावर एकाच वेळी सगळे माग खडखडत असले तरी एखाद्याचा धोटा अडखळला तर त्यांना पाठ फिरवलेली असतानाही समजते. मी लहान असताना मला ते खरे वाटायचे नाही.

जुनाट्रम्पेट काका, तुमचे बोलणे मनाला लागले आहे. सावलीत राहण्याची सवय झाली आहे का, हे मी स्वतःला विचारते आहे.

ड्रमवाल्याची आई, ७ जानेवारी, दुपारी २.१५

माझा मुलगा शाळेच्या बँडमध्ये साइड ड्रम वाजवतो. घरी त्याच्याकडे ड्रम नाही, म्हणून तो पाटावर जुनी वही ठेवून काठ्यांनी सराव करतो. दोन महिने मला त्याचा त्रास झाला. आता मी पोळ्या लाटताना त्याच्या लयीत लाटते आणि तो चुकला की माझा हात आधी थांबतो. मैदानावर पाच-सहा ड्रम एकत्र वाजत असले तरी त्याचा मला ओळखू येतो, असे मी म्हणणार नाही, ते खोटे ठरेल. पण तो कुठे चुकण्याची शक्यता आहे ते मला माहीत असते आणि ती जागा आली की मी श्वास रोखून उभी राहते. तुमच्या आई रोज सकाळी तुमची ओळ ऐकत विड्या वळत असतील, तर त्यांना तुम्हाला वाटते त्यापेक्षा बरेच अधिक ठाऊक असेल.

पथकप्रमुख, ८ जानेवारी, रात्री ८.४५

मी एका शाळेत बँड शिकवतो. धाग्यात एक तांत्रिक मुद्दा राहिला आहे आणि निर्णयासाठी तो महत्त्वाचा आहे, म्हणून लिहितो.

बासरीत जोराने फुंकले की त्याच बोटांवर वरच्या सप्तकातला तोच स्वर मिळतो, सा चा सा. क्लॅरिनेटमध्ये तसे होत नाही. अंगठ्याजवळची किल्ली उघडली की खालच्या सा च्या बोटांवर एकदम वरच्या सप्तकातला पंचम येतो. त्यामुळे मधल्या स्वरांसाठी जास्तीच्या किल्ल्या लागतात आणि नेहमीच्या क्लॅरिनेटवर त्यांची संख्या सतरापर्यंत गेली आहे. शिकणाऱ्याला सगळ्यांत त्रास जिथे होतो, त्या जागेला आम्ही ब्रेक म्हणतो. एका स्वरावर जवळजवळ सगळी बोटे उघडी असतात आणि लगेच पुढच्या स्वराला सगळीच्या सगळी एकाच क्षणी बंद करावी लागतात. एक जरी भोक केसाइतके उघडे राहिले तरी वाद्य किंचाळते.

फर्स्टची ओळ सतत या ब्रेकवरून ये-जा करते आणि सेकंडची बहुतेक वेळ ब्रेकच्या खालीच असते. म्हणूनच नवशिक्यांना सेकंडला बसवण्याची पद्धत पडली आणि त्यातूनच सेकंड म्हणजे कच्चे असा समज झाला. माझ्या मते तो चुकीचा आहे. खालच्या सप्तकातला भरदार, दाणेदार आवाज काढणे हे वेगळे कौशल्य आहे, आणि पथकात एक तरी पक्की सेकंड नसेल तर फर्स्ट तिघे असूनही पोकळ वाटतात. पण मुली, तू ब्रेक टाळण्यासाठी सेकंड धरून बसली आहेस का, याचे उत्तर तुला प्रामाणिकपणे द्यावे लागेल. चार वर्षांत ब्रेक पक्का झाला नसेल तर फर्स्टला जाऊन तो पक्का कर. झाला असेल तर मग निवड तुझी.

काळीपाच, ८ जानेवारी, रात्री १०.००

सर, ब्रेक पक्का झालेला नाही. दहातून दोनदा किंचाळतो. उद्यापासून सकाळची वीस मिनिटे त्यालाच देते.

काळीपाच, १७ जानेवारी, रात्री ९.५०

गड्ड्याच्या, म्हणजे सिद्धेश्वर यात्रेच्या, दिवसांत सराव बंद होता, म्हणून इथेही आले नाही. १३ तारखेला अम्मा, धाकटा भाऊ आणि मी नंदीध्वजांची मिरवणूक पाहायला गेलो होतो. नंदीध्वजांच्या सातही उंच काठ्या, पांढऱ्या बाराबंदीतली माणसे, आणि जिथे पाहावे तिथे गर्दी. ते सगळे सोलापूरकरांना सांगायला नको. मला एका वेगळ्याच गोष्टीविषयी लिहायचे आहे.

आम्ही एका बोळाच्या तोंडाशी उभे होतो आणि मिरवणूक अजून कोपऱ्यापलीकडे होती. तिथून आधी काय ऐकू आले, तर मोठ्या ढोलाचा घुमारा आणि त्याच्यासोबत बँडमधली सगळ्यांत खालची ओळ. चाल नाही. क्लॅरिनेट आणि ट्रम्पेट कुठेच नव्हते. मिरवणूक वळून समोर आली तेव्हा एकदम वरचे सगळे उलगडले. पदार्थविज्ञानाच्या तासाला हे शिकलो होतो, की खालच्या स्वरांच्या लहरी लांब असतात आणि त्या अडथळ्याला वळसा घालून येतात, तर वरचे स्वर सरळ रेषेत जास्त जातात. तेव्हा ते परीक्षेपुरते पाठ केले होते. त्या बोळात उभे राहून मला वाटले, की गल्लीतल्या घरात बसलेल्या माणसापर्यंत बँड येतो तो आधी खालून येतो.

माझी सेकंडची ओळ तेवढी खाली नसते, हे मला माहीत आहे. तरीही घरी येताना मी अम्माला ते समजावत होते आणि ती मन लावून ऐकत होती.

ब्रेकचे सांगायचे राहिले. नऊ दिवसांत दहातून दोनदा वरून वीसातून एकदा वर आला आहे. उजव्या हाताची अनामिका आळशी होती. ती भोकाच्या कडेवर टेकत होती, मध्यावर नाही. आरशात बघून वाजवल्यावर ते दिसले.

जुनाट्रम्पेट, १८ जानेवारी, सकाळी ६.४०

गड्ड्याच्या मिरवणुकीत मी स्वतः चौदा वर्षे वाजवले आणि कोपऱ्यापलीकडून आम्ही कसे ऐकू येतो याचा विचार एकदाही केला नाही, कारण मी कायम कोपऱ्याच्या या बाजूला होतो. आमचा युफोनियमवाला कोणाशी फार बोलत नसे. सुपारीचे पैसे वाटताना त्याला चालवाल्यांपेक्षा कमी मिळायचे आणि आम्ही कोणी त्यावर बोललो नाही. त्याच्या मागे चालताना माझा सूर कधी हलला नाही, हे मला तुझे वाचून आठवले. माझा सल्ला मी मागे घेत नाही. फर्स्ट वाजवून पाहाच. पण त्यात एवढे जोडतो, की परत यावेसे वाटले तर ती माघार नाही.

काळीपाच, २२ जानेवारी, रात्री १०.३५

काका, तुमचे ऐकले. सरांना सांगून चार दिवस फर्स्टमध्ये बसले.

आधी जे छान होते ते सांगते. संचलनाची धून फर्स्टमधून वाजवताना अंगावर काटा येतो. पाय आपोआप उचलले जातात, ड्रम पाठीमागून ढकलतात आणि ती चाल आपल्याच श्वासातून निघते आहे याचा आनंद मी याआधी घेतलेला नव्हता. पहिल्या दिवशी ब्रेकवर एकदा किंचाळले. सगळ्यांनी वळून पाहिले आणि काहीही झाले नाही. विजापूर वेशीजवळची ती रात्र आठवून मला धीर आला.

पण राज्यगीताच्या शेवटी मी पंचमावर होते आणि गांधार माझ्या जोडीदारणीकडे गेला. ती चांगली वाजवते, मात्र तिला अजून लाट ऐकू येत नाही. तिने काट्याप्रमाणे बरोबर वाजवला आणि तो बसला नाही. मी पंचमावरून काही करू शकत नव्हते. चारही दिवस सराव संपल्यावर ती आणि मी मागे थांबलो, मी सा धरला आणि तिला गांधार उतरवायला लावला. काल सव्वासहाला एकदा, फक्त एकदा, थरथर थांबली. तिने माउथपीस तोंडातून काढून माझ्याकडे असे पाहिले, की मला माझे पहिले वर्ष आठवले.

सरांशी बोलले. ठरले ते असे: संचलनाला मी फर्स्ट, राज्यगीताला सेकंड. सरांनी कागदावर दोन्हीकडे माझे नाव लिहिले. पुढच्या वर्षी गांधार तिच्याकडे जाईल, तोवर आम्ही दोघी तो वाटून घेणार आहोत.

काळीपाच, २६ जानेवारी, दुपारी ३.४०

आज सकाळी साडेसहाला मैदानावर हजर होतो. गारठा होता, आणि थंडीत फुंकायची वाद्ये सगळी उतरतात. नळीतली हवा दहा अंशांनी बदलली की स्वर सुमारे पावणेदोन टक्के हलतो, म्हणजे अर्ध्या स्वराच्या तिसऱ्या हिश्श्याएवढा, त्यामुळे जानेवारीतली सकाळ आणि एप्रिलमधली दुपार यांत क्लॅरिनेट जणू दोन वेगळी वाद्ये होतात. उन्हाळ्यात मी बॅरल, म्हणजे माउथपीसखालचा नळीचा तुकडा, थोडे बाहेर ओढते, आज ते पूर्ण आत ढकलले होते आणि तरीही स्वर खाली होता. झेंडावंदनाला वीस मिनिटे होती. आम्ही सगळ्यांनी वाद्ये स्वेटरच्या आत धरली आणि न वाजवता नुसते गरम श्वास फुंकत उभे राहिलो. डबीतून मी तीन क्रमांकाची रीड काढली. रुमाल अम्माने रात्रीच बदलून ठेवला होता.

राष्ट्रगीताची बावन्न सेकंदे नेहमीच फार लवकर संपतात. राज्यगीतात मधल्या एका जागी ट्रम्पेट घाईत आले, पण ढोलाने त्यांना मागे आणले. शेवटच्या स्वरसमूहावर मी ओठ सैल केले. उघड्या मैदानावर खोलीसारखी लाट ऐकू येत नाही, भिंती नसतात, वारा असतो, तरी शेजारचा युफोनियम पायांतून जाणवत होता आणि मी त्याच्यावर जाऊन बसले. बसला. सरांनी हात खाली घेतानाच माझ्याकडे पाहिले. मग संचलन, फर्स्ट, आणि ब्रेकवर एकदाही किंचाळणे नाही. काका, हे खास तुमच्यासाठी लिहिते आहे.

अम्मा नेहमीप्रमाणे मैदानाच्या कडेला होती. हैदराबाद रोडने शेअर रिक्षातून परतताना ती नेहमीचा प्रश्न विचारेल म्हणून मी या वेळी उत्तर तयार ठेवले होते, की संचलनात जे सगळ्यांत वर होते ते माझे. तिने प्रश्न विचारलाच नाही. विडी घरकुलचा थांबा येईपर्यंत ती काहीतरी गुणगुणत होती. मी लक्ष देऊन ऐकले तर ती राज्यगीताची सेकंड होती, पहिल्यापासून शेवटपर्यंत, त्या मधल्या विचित्र उडीसकट. चार वर्षे रोज सकाळी तिने तेवढेच ऐकले आहे. तिच्यासाठी ते गीत म्हणजेच ती ओळ आहे.

घरी आल्यावर तिने सूप पुढे ओढले आणि पाने काढता काढता म्हणाली. आम्ही घरी तेलुगू बोलतो, मी मराठीत लिहिते आहे. "आज तुझं गाणं स्वच्छ ऐकू आलं. पण ते बाकीचे वरून दुसरंच काहीतरी वाजवत होते, त्यांना कोणी सांगत नाही का?"

खर्ज, २६ जानेवारी, सायंकाळी ६.०५

काळीपाच, आईंना विचार, शेवटचा गांधार त्या गुणगुणताना कुठला लावतात. मला ऐकायला यायचे आहे.

काळीपाच, २६ जानेवारी, रात्री ९.१५

ताई, विचारावे लागले नाही. आत्ता विड्यांचे शेवटचे बंडल बांधताना ती पुन्हा गुणगुणत होती, आणि मी शेजारी बसून ट्यूनर लावला. काटा डावीकडे होता. रविवारी सकाळी सहाला या, त्या दिवशी पाणी यायचे नाही.